कापणीपुरती सूट

राष्ट्राध्यक्षाच्या योजनेवर त्या वर्षी आमच्या गावात माझ्याइतका विश्वास दुसऱ्या कुणाचा नव्हता. खरं तर तेव्हा तो राष्ट्राध्यक्ष झालेलाही नव्हता, नुसता निवडणुकीला उभा होता. १९६८ चा मार्च महिना. मी शेडमध्ये हार्वेस्टरला ग्रीस भरत होतो आणि रेडिओवर बातमी लागली, की हा गृहस्थ म्हणतो, मला निवडून द्या, मी हे युद्ध संपवतो. कसं, ते त्याने सांगितलं नाही. मला ते एकदम पटलं. पत्ते खेळताना हातात हुकमाचा एक्का असलेला माणूस बोंबलत सुटतो का? त्याच्याकडे काहीतरी आहे, म्हणूनच तो गप्प आहे, असा माझा हिशोब. आर्डिस, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "किंवा त्याच्याकडे काहीच नाही, म्हणून गप्प आहे." तिला नेहमीच असं काहीतरी सुचतं.

त्याच आठवड्यात आमच्या लॉएलला भरतीची नोटीस आली होती. वय वीस. एकुलता एक. नोटीस जेवणाच्या टेबलावर मिठाच्या डबीला टेकून तीन दिवस उभी होती आणि तिच्याकडे न बघता आम्ही तिघं जेवत होतो.

चौथ्या दिवशी आर्डिसने विषय काढला. "सीमा इथून तीन तासांवर आहे. पलीकडच्या देशात माझी बहीण आहे. उद्या पहाटे निघालात तर दुपारचं जेवण तिच्याकडे."

"एंगेनांच्या घराण्यात कुणी पळालेलं नाही," मी म्हणालो.

"तुझे आजोबा नॉर्वेहून कशाला आले होते? लष्करातली भरती चुकवायलाच ना?"

लॉएल खो खो हसला. मी नाही हसलो. आजोबांची गोष्ट वेगळी होती, असं काहीतरी मी बोललो. काय वेगळी होती, ते आजही मला सांगता येणार नाही.

पण तिच्या बोलण्याने मी हलून गेलो होतो, आणि मग मला वाटलं, आपणही एक योजना करावी. पोराने पळायचं नाही आणि जायचंही नाही. नुसता वेळ काढायचा. नोव्हेंबरात निवडणूक, जानेवारीत हा माणूस खुर्चीवर, आणि मग युद्ध खलास. तेवढे दिवस कसेतरी ढकलले की झालं.

म्हणून मी हॉलिस ब्रँटकडे गेलो. हॉलिस शेतीची यंत्रं विकायचा आणि आमच्या तालुक्याच्या भरती बोर्डाचा प्रमुख होता. माझा ट्रॅक्टर त्याच्याकडचा, हार्वेस्टर त्याच्याकडचा, लहानपणी आम्ही दोघं एकाच बाकावर मार खाल्लेले. त्याने दार लोटून घेतलं आणि कॉफी ओतली.

"बाराशे एकर गहू आहे माझा," मी म्हणालो. "पोराशिवाय कापणी कशी उरकू?"

"सिग, इतकी वर्षं उरकतोसच की."

"कापणीपुरती सूट दे. तेवढं तुझ्या हातात आहे."

हॉलिस बराच वेळ कॉफी ढवळत बसला. त्यात साखर नव्हती. "देता येते," तो म्हणाला. "पण एप्रिलमध्ये मला दोन पोरं पाठवायचीच आहेत. तुझा वगळला की यादीतला खालचा वर येतो."

"खालचा कोण?"

"ते तू विचारू नकोस."

मी विचारलं नाही. न विचारता तीन आठवड्यांनी कळलंच. एप्रिलच्या बसमध्ये डुएन पेट्री चढला. व्हर्ना पेट्रीचा मुलगा. व्हर्ना शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची, नवरा कधीच गेलेला, जमीन म्हणाल तर घरामागचा बटाट्याचा वाफा. बटाट्याच्या वाफ्याला कापणीची सूट मिळत नाही. बस सुटली तेव्हा मी समोरच्या पेट्रोल पंपावर उभा होतो. व्हर्नाने माझ्याकडे बघितलं की नाही, मला माहीत नाही. मी टायरची हवा बघत होतो.

घरी मी सांगितलं, की बोर्डाने जमीनवाल्या सगळ्यांनाच सूट दिली. आर्डिस म्हणाली, "बरं झालं," आणि एवढंच म्हणाली. खोटं बोलायची मला सवय नाही, त्यामुळे जमतं की नाही तेही कळत नाही.

त्या वर्षीची कापणी मी विसरणार नाही. लॉएल हार्वेस्टरवर, मी ट्रकवर. अंगभर भुसा, दुपारी बांधावर बसून गार मांसाचे सँडविच, आणि सगळ्यात वर तो उनाड पोरगा शिट्टी वाजवत बसलेला. मला वाटायचं, सिगर्ड एंगेन, तू लेका फार हुशार आहेस.

ऑक्टोबरात सूट संपली. मी पुन्हा हॉलिसकडे गेलो, तर तो म्हणाला, "आता काय बर्फाची कापणी लिहू?"

लॉएलला सोडायला आम्ही दोघंही गेलो. मी त्याला म्हणालो, "काळजी करू नकोस. पुढच्या महिन्यात तो निवडून येतो. तुझं प्रशिक्षण संपेपर्यंत युद्ध संपलेलं असेल. बंदुकीला तेल लावण्यापलीकडे तुला काम उरणार नाही."

"बाबा, तुमचं त्याच्याशी फोनवर बोलणं झालंय का?" लॉएलने विचारलं, आणि माझ्या खांद्यावर थाप मारून बसमध्ये चढला.

बस वळणापलीकडे गेल्यावर आर्डिस म्हणाली, "हा गेला तो तुझ्या शब्दावर." त्यानंतर ती माझ्याशी बोलायची थांबली. म्हणजे अगदी अबोला नव्हे. दूध संपलंय, पाद्री येऊन गेला, पंप बंद कर, एवढं चालायचं. पण ती लॉएलच्या खोलीत झोपायला गेली. घरात दोन माणसं असताना घड्याळाची टिकटिक ऐकू येते, हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं.

तो निवडून आला. जानेवारीत खुर्चीवर बसला. मार्चमध्ये लॉएल तिकडे पोचला. मी रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसायचो, की आज सांगेल, आज सांगेल. त्याची योजना काही बाहेर येईना. गावात लोक मला चिडवायला लागले. "काय सिग, तुझ्या माणसाचा एक्का अजून छातीशीच का?"

जूनमध्ये तो अखेर बोलला. पंचवीस हजार सैनिक परत आणणार. लढायचं काम हळूहळू तिथल्याच सैन्याकडे सोपवणार, आणि आपली मुलं टप्प्याटप्प्याने घरी. मी खुर्चीतून उठलोच. आणि पुढे काही दिवसांनी वर्तमानपत्रात छापून आलं, की पहिली कुठली बटालियन येणार, कधी येणार, सिॲटलमध्ये तिचं संचलन कुठल्या रस्त्यावरून होणार. बटालियन लॉएलची होती.

वर्तमानपत्र घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो. आर्डिसने ते दोनदा वाचलं. "त्याचं पत्र कुठाय?" तिने विचारलं.

"जो माणूस स्वतः येतोय तो पत्र कशाला लिहील?"

"यात त्याचं नाव कुठे आहे?"

"बटालियन येतेय म्हणजे बटालियनमधली माणसं येणार. माणसं सोडून बटालियन म्हणजे काय असतं? नुसता झेंडा?"

तिने वर्तमानपत्राची नीट घडी घातली. "बाजारात तुरी," ती म्हणाली. "तू जा. मी येत नाही. त्याला घेऊन आलास, की मग मी बोलेन तुझ्याशी." पण निघायच्या आदल्या दिवशी सकाळी बघतो तर माझा चर्चला घालायचा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेला. नऊ महिन्यांत पहिल्यांदा. तो शर्ट बघून मला रडू आलं, आणि मी रडलो. बघायला कुणी नव्हतं.

दहा जुलैला पहाटे पिकअप काढला. अडीचशे मैल, मध्ये डोंगराची खिंड. वाटेत मी मोठमोठ्याने बोलत होतो. आधी राष्ट्राध्यक्षाला शाबासकी दिली, मग लॉएलला काय काय सांगायचं त्याची उजळणी केली. गव्हाला यंदा ओंब्या चांगल्या आहेत, आईने तुझी खोली बळकावली आहे, तेवढी परत मिळव.

सिॲटलमध्ये गर्दी होती. मुली गुलाबाची फुलं घेऊन उभ्या होत्या. पलीकडच्या फुटपाथवर काही पोरं फलक घेऊन होती, 'सगळ्यांना परत आणा' असले. एरवी मी त्या केसाळ पोरांना चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी मी त्यांच्यावरही खूश होतो. आणतोय ना बाबांनो, सुरुवात तर झाली. मी कोपर मारत अगदी दोरीपाशी जाऊन उभा राहिलो.

बँड आला आणि मागून ते आले. मी प्रत्येक चेहरा बघायचा ठरवलं होतं. पण सगळ्यांची टोपी एक, चाल एक, उन्हाने भाजलेला रंग एक. दोनदा मी "लॉएल!" म्हणून ओरडलो आणि दोन्ही वेळा भलत्याच पोराने वळून बघितलं. रांगा जात राहिल्या. शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुमचा कुठला?" मी म्हणालो, "मागच्या रांगेत असेल, उंच आहे तो." मग मागची रांगही गेली. त्या बाईंना त्यांचा सापडला होता, त्या रडत रडत मला मिठी मारून गेल्या. वरून कागदाचे तुकडे पडत होते. लोक हसत होते, एकमेकांना खांद्यावर घेत होते, आणि माझ्या ओळखीचं त्या एवढ्या शहरात एकही माणूस नव्हतं.

भाषणं झाली. गर्दी पांगली. झाडूवाले आले. मी होतो तिथेच उभा होतो, कारण लॉएल मला शोधत आला आणि मी हललेला असलो तर चुकामूक होईल, असं मला वाटत होतं.

"काका?"

समोर एक सैनिक उभा होता. मी त्याच्या खांद्यावरून मागे बघितलं.

"काका, मी डुएन. व्हर्नाचा."

"तू या बटालियनमध्ये आहेस?" मी विचारलं. "लॉएल कुठाय?"

"मी तीन आठवड्यांपासूनच आहे हिच्यात," तो म्हणाला आणि त्याने टोपी काढली. "लॉएल बरा आहे काका. आधी ते ऐका. धडधाकट आहे. पण तो आलेला नाही."

मग त्याने मला थोडक्यात समजावलं. घरी आलं ते बटालियनचं नाव आणि निशाण. माणसं सगळ्या डिव्हिजनमधून वेचून काढली. तिथे प्रत्येकाला वर्ष काढायचं असतं, त्यातले ज्याचे दिवस जास्त भरले होते त्याला या बटालियनमध्ये घातलं, आणि ज्याचे कमी, त्याला हिच्यातून काढून मागे राहणाऱ्यांत टाकलं. डुएनचे दहा महिने झाले होते. लॉएलचे चार.

"मी बोचकं घेऊन आत गेलो तेव्हा तो त्याचं बोचकं घेऊन बाहेर पडत होता," डुएन म्हणाला. "म्हणाला, माझी खाट घे, पत्रा गळत नाही तिच्यावर. आणि म्हणाला, बाबा नक्की येणार. वर्तमानपत्रात वाचतील आणि आईचं न ऐकता येतील. चर्चची हॅट घालून अगदी पुढे उभे असतील, आणि सगळे गेले तरी हलणार नाहीत. तेव्हा संचलन झालं की त्यांना शोध. त्यांना एकट्याला घरी जाऊ देऊ नकोस."

मी हॅट काढली आणि तिच्यात बघत राहिलो. काय बघत होतो कोण जाणे. एवढं खरं, की माझ्या पोराने मला नेमकं ओळखलं होतं, आणि मी त्याला कुठे पाठवून बसलो होतो.

डुएनला रजा मिळाली होती. आईला त्याने बसने उद्या येतो म्हणून कळवलं होतं, आता तो माझ्याबरोबर पिकअपमध्ये बसला. लॉएलच्या जागेवर. आम्ही खिंड चढलो. मग त्याने खिडकी खाली केली आणि म्हणाला, "काका, एक बोलू? राग नका मानू."

"बोल."

"मागच्या वर्षी मी तुम्हाला फार शिव्या घातल्या. सगळ्या गावाला माहीत होतं, की लॉएलच्या जागी मी गेलो. आई म्हणायची, ज्यांची जमीन त्यांची पोरं. तिकडे चिखलात पडलेलो असताना मी तुमचं नाव घेऊन थुंकायचो. खरंच सांगतो." तो ओशाळून हसला. "आणि आता बघा. तेव्हा एप्रिलमध्ये गेलो म्हणून माझे दहा महिने भरले. सहा महिने उशिरा गेलो असतो तर आज मी मागे राहिलो असतो. उलट तुमचे आभारच मानायला पाहिजेत."

त्याच्या मनात काही नव्हतं. टोमणा नव्हता, काही नव्हतं. पोरगा मनापासून आभार मानत होता. मी "हं" म्हणालो आणि समोर रस्ता बघत राहिलो. त्याच्या आधीच माझं बोटांवर मोजून झालं होतं, सिॲटलमध्येच, हॅटमध्ये बघत असताना. लॉएल एप्रिलमध्ये गेला असता तर आज या जागेवर शिट्टी वाजवत बसला असता. त्याला न राष्ट्राध्यक्षाने मागे ठेवला, न सैन्याने. मी ठेवला. राष्ट्राध्यक्षाच्या योजनेत माझी योजना मिसळून.

खिंडीपलीकडे पेट्रोल भरायला थांबलो. तिथे फोनचं खोकं होतं. खिशात नाणं होतं. आर्डिसला सांगायला हवं होतं, तिला वाट बघत ठेवणं बरं नव्हतं, हे मला कळत होतं. मी खोक्यापर्यंत गेलो, रिसीव्हर उचलला, टोन ऐकला आणि ठेवून दिला. फोनवर कसं सांगायचं, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं कारण म्हणजे मी भ्यालो.

डुएन झोपला. डोकं काचेला टेकून, तोंड उघडं. आमचं घर गावाच्या अलीकडे लागतं. मी ठरवलं होतं, की न थांबता सरळ पुढे जायचं, आधी डुएनला व्हर्नाकडे सोडायचं आणि मग काय ते आर्डिसच्या समोर जायचं. सात वाजले असतील. आमच्याकडे जुलैत तेव्हा लख्ख उजेड असतो.

ती रस्त्यावर येऊन उभी होती. किती वेळ, देव जाणे. निळा झगा घातला होता, तो ती ईस्टरला घालते. तिने पिकअप ओळखला, आणि मग तिला काचेतून शेजारच्या जागेवरचा गणवेश दिसला.

आर्डिस धावत सुटली. तिचा उजवा गुडघा कामातून गेलेला, जिना चढताना ती कठड्याला धरते. ती धावत होती आणि ओरडत होती, "लॉएल! लॉएल!" नऊ महिन्यांनी मी तिचा मोठा आवाज ऐकला. मी ब्रेक दाबला. दुसरं काय करणार होतो?

डुएन दचकून जागा झाला आणि दार उघडून खाली उतरला. तो पुरता उभा राहायच्या आत तिने त्याला मिठी मारली होती. चेहरा तिने बघितलाच नाही. त्याच्या छातीत तोंड खुपसून ती काहीतरी बोलत होती. डुएनने माझ्याकडे बघितलं. मी स्टिअरिंग धरून बसलो होतो. त्याने हळूच तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "काकू, मी डुएन आहे."

ती लगेच सुटली नाही. थोडा वेळ तशीच राहिली. मग मागे झाली, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून बघितला, आणि म्हणाली, "आईला कळवलंस का?"

"उद्या येतो म्हणालोय."

"आणि आमचा?"

"बरा आहे काकू. अगदी बरा आहे. ज्याचे दिवस जास्त भरले त्यालाच आणलं. त्याचे चारच झालेत. अजून आठ."

आर्डिसने त्याची कॉलर सारखी केली. मला तिचे ओठ हलताना दिसत होते. ती मोजत होती. मग ती माझ्या खिडकीशी आली.

"सूट बोर्डाने सगळ्यांना दिली होती ना?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "मी मागितली होती हॉलिसकडे. फक्त लॉएलसाठी."

मला वाटलं, ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने डुएनसाठी दार उघडून धरलं, तो बसल्यावर लावलं आणि खिडकीतून मला म्हणाली, "पोराला घरी सोड. व्हर्नाला एक दिवस तरी कमी वाट बघायला लागू दे. आणि परत यायची घाई करू नकोस."

मी घाई केली नाही. व्हर्नाने दारात मारलेली किंकाळी ऐकली. डुएनने आत बोलावलं, तर मी नको म्हणालो. मग अंधार पडेपर्यंत मी आमच्याच शेताच्या बांधावर बसून राहिलो. गहू पिकत आला होता, दोन आठवड्यांत कापणीला येणार होता, आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

टीव्हीवर योजना पुढे चालूच राहिली. दर काही महिन्यांनी आणखी इतके हजार परत, आणखी इतके. आकडे खरे होते, मी खोटं म्हणणार नाही. युद्ध संपवायला त्याला आणखी साडेतीन वर्षं लागली. गावात कुणी मला त्यावरून चिडवलं नाही. लोक माझ्याशी हवापाण्याचं बोलायचे.

लॉएल पुढच्या मार्चमध्ये परत आला. धड आला, हातपाय घेऊन आला. तार आली तेव्हा मी पिकअपची किल्ली घेतली आणि शर्ट बदलायला आत गेलो. बाहेर येऊन बघतो, तर किल्ली आर्डिसच्या हातात होती.

"मी एकटी जाते," ती म्हणाली. "तू घरी थांब."